गाडी घाट चढते, वर्कशॉप मात्र घाटापलीकडे

रत्नागिरीत आता थार, जिम्नी, गुरखा दिसली की कोणी मान वळवून बघत नाही, इतक्या त्या झाल्यात. राजिवडा-मिरकरवाड्यापासून साखरतरपर्यंत, तिकडे चिपळूणच्या कालुस्ते-गोवळकोटात, खेडच्या फुरूसमध्ये, एखाद्या घरासमोर उंच चाकांची फोर बाय फोर उभी असते. बऱ्याचदा ती आखातातल्या पगारातून आलेली असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लहान, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या इंजिनांवर ४० टक्के असे दर झाले, जुना सेस गेला. किमती उतरल्या आणि दसरा-दिवाळीत बुकिंगला गर्दी झाली. गाडी घेताना जो थाट असतो, तो पहिल्या पावसाळ्यानंतर किती उरतो, हा आमचा आजचा विषय.

तक्रारी कुठल्याही एका कंपनीच्या नाहीत. छताच्या जोडातून पाणी गळणं, बिजागऱ्या आणि खालच्या नट-बोल्टला वर्षभरात गंज, डॅशबोर्डवर पेटलेला आणि विझायचं नाव न घेणारा दिवा, फोर बाय फोरचा दांडा अडकणं, एसी बंद पडणं. देशभर अशा गाड्यांचे मालक हेच सांगतात. कोकणात त्यात दोन गोष्टींची भर पडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि खारा वारा. नाशिकच्या कारखान्यातून निघालेली गाडी राजस्थानात पाच वर्षांत जेवढी गंजणार नाही, तेवढी समुद्राकाठच्या वाडीत दोन पावसांत गंजते. हे कंपन्यांना माहीत नसेल असं आम्हाला वाटत नाही.

पण खरं सांगायचं तर माणूस बिघाडाला इतका वैतागत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. वैताग येतो तो वर्कशॉपच्या काउंटरवर. ‘हे नॉर्मल आहे.’ ‘आमच्याकडे आल्यावर प्रॉब्लेम दिसला नाही.’ ‘पार्ट मागवलाय, आला की फोन करतो.’ ही तीन वाक्यं ऐकली नाहीत असा जीपवाला शोधून सापडायचा नाही. फोन येत नाही. आपण केला तर सर्व्हिस ॲडव्हायझर बदललेला असतो, आणि नव्या माणसाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

खपाच्या ब्रँडची वर्कशॉप रत्नागिरी-चिपळूणमध्ये आहेत, पण गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, इलेक्ट्रॉनिक्स असं मोठं काम निघालं की बहुतेक वेळा गाडी कोल्हापूरला न्यायला सांगतात. कमी खपाच्या गाड्यांना तर कोल्हापूर, नाहीतर मुंबई-गोवा यांशिवाय पर्याय नसतो. म्हणजे आंबा घाट चढायचा, सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायचं, गाडी ठेवून एसटीने परत यायचं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही बंद. मुंबईकडे जायचं तर महामार्ग क्रमांक ६६ चं काम इतकी वर्षं कसं चाललंय ते वाचकांना सांगायची गरज नाही. गाडी वॉरंटीत असली तरी दोन फेऱ्यांचं डिझेल, टोचनचा खर्च आणि बुडालेली मजुरी कुठल्याच जॉब कार्डवर येत नाही.

एक आठवण इथे सांगावीशी वाटते. आपल्या देशात जीप घराघरांत पोचवणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन दुसरा ‘महिंद्रा’ आला. तेव्हाच्या जीपला काय झालं तर गल्लीतला मिस्त्री पाना घेऊन बसायचा आणि संध्याकाळपर्यंत गाडी चालती करायचा. आजच्या गाडीत त्याच कामाला कंपनीचा स्कॅनर आणि पासवर्ड लागतो. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने नेमक्या याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाही, हा ठपका. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं. आपल्या गॅरेजवाल्या चाचांच्या हातात मात्र अजून तो स्कॅनर आलेला नाही.

आता जाहिरातीकडे बघा. गाडी ओढ्यातून पाणी उडवत जाते, पुळणीवरून लाटांच्या कडेने धावते. मग वॉरंटीचं पुस्तक उघडा, बारीक अक्षरातलं. शर्यत, गैरवापर, पाणी इंजिनात शिरल्याने झालेलं नुकसान, बाहेरून बसवलेले दिवे, विंच, मोठे टायर यांमुळे आलेला दोष हे सगळं साधारणपणे वॉरंटीच्या बाहेर असतं. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. म्हणजे सव्वादोन फुटांपेक्षा थोडं कमी, आणि तेही संथ पाण्यात, हळू गेल्यास. पुराच्या ओढीत किंवा भरतीच्या पाण्यात हा आकडा कामाचा नाही. समुद्राचं मीठ ब्रेकच्या पाइपात, वायरिंगच्या जोडात बसतं आणि सहा महिन्यांनी तोंड दाखवतं. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या जीपगाड्या ट्रॅक्टरने ओढून काढल्याचे व्हिडिओ दर सुट्टीत येतात. त्यात आपली पोरंही असतात. भाटकी हौस महागात पडते आणि नंतर क्लच जळाल्याची तक्रार वॉरंटीत बसवायला जातो. हे चालणार नाही, आणि चालू नये.

पण दुसरी बाजू आम्हाला जास्त वजनाची वाटते. ज्या वापराचं चित्र दाखवून दहा-वीस लाख घेतले, तोच वापर केल्यावर ‘तुम्ही ऑफ-रोडिंग केलंत’ म्हणणं ही बनवाबनवी आहे. आणि घराकडे जाणारा जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता म्हणजे ऑफ-रोडिंग नव्हे. तो आमचा रोजचा रस्ता आहे.

कारखान्यातून दोष निघतात हे कंपन्याही मान्य करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टमधल्या शंकेवरून परत तपासणीला बोलावल्या आणि दुरुस्ती फुकट केली. असं बोलावणं आलं की घाबरायचं नाही, उलट ती कंपनीची बरी सवय समजायची. चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर आपली गाडी त्यात आहे का ते बघता येतं. जुनी गाडी हातोहात विकत घेणाऱ्यांनी तर हे आधी बघावं, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० ए आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि ठरावीक संख्येने मालकांनी सरकारी पोर्टलवर नोंदवला, तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. मेख ‘ठरावीक संख्ये’त आहे. आपण मोहल्ल्यात बसून बडबडतो, नोंदवत कोणीच नाही.

भांडायचं ठरवलं तर भांडण कोणाशी, हा पहिला प्रश्न. शोरूम म्हणजे कंपनी नव्हे. डीलर स्वतंत्र धंदेवाला असतो, कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि आपल्याला विकतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ चं मॉडेल सांगून २००९ ची, आधीच सहाशेच्या वर किलोमीटर चाललेली गाडी दिली होती. ग्राहक खालच्या आयोगांत जिंकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र कंपनीला जबाबदारीतून सोडलं, कारण डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. त्यावरून घ्यायचं ते इतकंच की तक्रारीत दोघांना पक्षकार करा आणि कोणाची चूक कोणती ते वेगवेगळं लिहा. छत गळतं ही बनावटीची चूक. ते तीनदा उघडून नीट न बसवणं ही सेवेतली.

दुसरा गैरसमज, ‘गाडी बदलून द्या’. हे सहजासहजी मिळत नाही. २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वॉरंटीत भाग दुरुस्त करायचं किंवा बदलायचं वचन असेल तर त्यावरून पूर्ण गाडी मागता येत नाही. याउलट एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एका प्रकरणात, अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून, गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश त्याच कोर्टाने कायम ठेवला. फरक दोषाच्या स्वरूपाचा आणि पुराव्याचा आहे. अनेक खटले तज्ज्ञाच्या अहवालावाचून पडतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोष तपासून घेण्याची सोय आहे. आयोगाकडे तसा अर्ज द्या. शासकीय तंत्रनिकेतनातल्या यंत्र शाखेच्या जाणकाराचा किंवा मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल वॉरंटी संपायच्या आधी हातात असला तर बाजू पक्की होते.

आपल्या घरांसाठी कायद्यातली दोन कलमं फार उपयोगी आहेत आणि ती कमी लोकांना ठाऊक आहेत. पैसे दुबई-कुवेतहून आलेले, बिल भावाच्या किंवा वालिदांच्या नावावर, गाडी चालवणारा तिसराच, असा आपल्याकडचा मामला. मग ‘मालक इथे नाही, तक्रार कोण करणार’ म्हणून लोक गप्प बसतात. कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नाही. त्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. संमतीचं साधं पत्र किंवा मुखत्यारपत्र जोडा म्हणजे वाद राहत नाही. दुसरं, गाडी कोल्हापूर किंवा पनवेलहून घेतली असली तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. २०१९ च्या आधी ही सोय नव्हती.

बिलाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये, वीस ते पन्नास लाखांच्या गाडीला १,००० रुपये. वकील हवाच असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन त्याआधीची पायरी, आणि तिथला तक्रार क्रमांक पुढे पुरावा म्हणून चालतो. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तयारी ठेवा. गाडी पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवत असाल तर सूट आहे. चार जीपा आणि चार ड्रायव्हर ठेवले असतील तर कठीण.

आणि हो, रोखीचा विषय. व्याज नको म्हणून बरीच कुटुंबं कर्ज न काढता गाडी घेतात. चांगलंच आहे. पण दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं डीलरला आयकर कायद्याने मना आहे, आणि ‘ॲक्सेसरीज’च्या नावाखाली पावतीशिवाय घेतलेले पैसे कोर्टात सिद्ध होत नाहीत. चेक किंवा बँकेतूनच द्या.

आखातात राहिलेल्यांची तुलना ठरलेली. ‘तिकडे लँड क्रूझर वीस वर्षं वाळवंटात चालते.’ खरं आहे, पण त्यामागे फक्त गाडी नाही. सौदीत अब्दुल लतीफ जमील, अमिरातीत अल-फुतैम अशा एकेका घराण्याकडे टोयोटाची एजन्सी दशकानुदशकं आहे आणि भागांचा साठा तिथेच असतो. अमेरिकेत १९८२ पासून राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आले. तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गेला नाही तर गाडी परत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. उलट इथे कंपनीच गाशा गुंडाळते. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि एंडेव्हर घेतलेले मालक दुरुस्तीच्या काळजीत पडले.

पुराचंही बोललं पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा दारातल्या, पार्किंगमधल्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर चावी फिरवली की पाणी ओढून इंजिन जाम होतं, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान ‘नंतरचं’ म्हणून नाकारलं जातं. उंच गाडीवाल्यांना वाटतं आपल्याला काय होतंय. कोकणात ‘इंजिन प्रोटेक्ट’ची जोड पॉलिसीला घ्यावीच, आणि बुडालेली गाडी चालू न करता फोटो काढून टोचनने न्यावी.

सध्या बुकिंगच्या रांगेत असलेल्यांनी डीलरला विचारायचं ते मायलेज नव्हे. ट्रान्स्फर केस उघडण्याचं काम इथे होतं की कोल्हापूरला, वॉरंटीत गाडी तिकडे न्यायचा खर्च कोणाचा, गंजावर वॉरंटी किती आणि कुठल्या भागांना, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. गाडी वर्कशॉपला देताना आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहिलं तर सही करू नका. भाग मागवला म्हणाले तर पार्ट नंबर आणि मागणीची तारीख घ्या. ग्राहक आयोगाची तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. त्यामुळे जेद्दाहला किंवा मस्कतला असलेला मालकही आपली बाजू तिथूनच मांडू शकतो.