खुंटीवरचा बिल्ला

शहरातील एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात डोकावले तर भिंतीवरील खुंटीला शिशाचा जड एप्रन टांगलेला दिसतो, आणि पुष्कळदा त्या एप्रनलाच अडकविलेला, काडेपेटीहून थोडा मोठा असा प्लॅस्टिकचा एक बिल्लाही दिसतो. वस्तुतः हा बिल्ला तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर, एप्रनच्या आतल्या बाजूस असावयास हवा. खुंटीवर असला तर तो खुंटीवर पडलेली किरणे मोजतो, आणि टेबलाच्या खणात असला तर काहीच मोजत नाही. तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. तेथून अहवाल येतो, अहवालात शून्य असते, आणि ते शून्य फायलीला नीट लावून ठेवले जाते. तपासणीस कोणी आलेच तर फायल दाखविता येते. ते शून्य माणसाचे की खणाचे, हे मात्र फायलीवरून कळत नाही.

या बिल्ल्याची रचना साधी परंतु विलक्षण आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या पट्टीवर डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या बसविलेल्या असतात. किरणे पडली की त्यांच्या ऊर्जेचा काही अंश या चकत्यांतील स्फटिकांत अडकून राहतो. पुढे त्या तापविल्या म्हणजे तीच ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून शरीराने किती मात्रा घेतली ते काढता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने हे तंत्र देशभर रूढ केले व आता मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतूनही ही मोजणी होते. म्हणजे या कामी ज्ञान परदेशातून आणावयाचे नाही. मर्यादाही ठरलेल्या आहेत. किरणांत काम करणाऱ्या माणसास सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी फार तर ३०. आणि सामान्य नागरिकास, निसर्गातून व स्वतःच्या वैद्यकीय तपासणीतून मिळणारी मात्रा वगळता, वर्षाला १. उरले ते इतकेच की बिल्ला छातीवर लावावयाचा, आणि नेमके तेच घडत नाही.

मोजमाप नसले म्हणजे काय होते याचा अनुभव वैद्यकाने एकदा घेतलेला आहे. राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर पहिली तीसएक वर्षे या किरणांस सर्वमान्य असे एककच नव्हते. रुग्णाची किंवा डॉक्टरची कातडी लाल झाली की मात्रा पुरेशी झाली, असा तो हिशेब असे. म्हणजे इजा हेच माप! १९२८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकक ठरले आणि संरक्षणाचे नियम सुचविणारी समितीही तेथेच नेमली गेली. तोवर अनेकांची बोटे, हात व अखेर प्राणही गेले होते. हॅम्बुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. त्यांच्यापाशी बिल्ला नव्हता. आमच्यापाशी तो आहे आणि तो खुंटीवर आहे.

बिल्ला न लावण्यास केवळ आळस कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. खाजगी दवाखान्यातील तंत्रज्ञ बहुधा तरुण, कंत्राटी व तुटपुंज्या पगाराचा असतो. दवाखाना दुसऱ्याचा, परवाना दुसऱ्याच्या नावाचा. आपला बिल्ला कोठे आहे, मागच्या तिमाहीचा अहवाल काय आला, असे विचारणे त्याला परवडत नाही. कित्येकांस आपली मात्रा कधी सांगितलीच जात नाही. दुसरे कारण याच्या नेमके उलट आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर यंत्राच्या अगदी जवळ उभे राहतात आणि रोज अनेक तास राहतात. बिल्ल्यात मात्रा वाढलेली दिसली की चौकशी लागते, आणि काम थांबेल ही भीती असते. म्हणून ज्याने बिल्ला सर्वांत निष्ठेने वापरावा तोच तो बाहेर ठेवून आत जातो, असे या व्यवसायातील जाणकार सांगतात. अशा डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची लक्षणे लवकर दिसू लागतात असे आढळल्याने आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून थेट २० वर आणण्याची शिफारस केली. जी मात्रा लपविली जाते ती डोळ्यांपासून लपत नाही.

परंतु हा सारा विचार, यंत्राची नोंद तरी झालेली आहे असे गृहीत धरून झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामकाजावर जो अहवाल दिला त्याने या गृहीतकाचाच पाया काढून घेतला. देशात चालू असलेल्या वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांची संख्या त्या वेळी ५७,४४३ होती. त्यांपैकी मंडळाकडे नोंदलेली होती ५,२७०. बाकीची ५२,१७३, म्हणजे शेकडा ९१, कोणाच्याही देखरेखीवाचून सुरू होती! मंडळाची स्थापना झाली १९८३ साली. एकोणतीस वर्षांत दहांतील एका यंत्रापर्यंतही त्याचा हात पुरता पोहोचला नव्हता. या अहवालानंतर परवान्याची सर्व व्यवस्था संगणकावर आली आणि नोंदणी पुष्कळ वाढली, हे मान्य केले पाहिजे. तथापि परवाना हा कागद आहे. यंत्राची किरणे योग्य जागी व योग्य प्रमाणात पडतात की नाहीत, ती आच्छादनातून बाहेर झिरपतात काय, याची दर दोन वर्षांनी करावयाची चाचणी खरोखर यंत्रापाशी उभे राहून झाली की प्रमाणपत्रच टपालाने आले, हे तेथे जाऊनच पाहावे लागते.

यावर डॉक्टरमंडळींचे एक उत्तर आहे आणि ते आम्हांस सर्वस्वी पोकळ वाटत नाही. तालुक्याच्या गावी एकुलते एक क्ष-किरण यंत्र चालविणाऱ्या डॉक्टरने मुंबईतील अणुशक्तिनगराशी किती पत्रव्यवहार करावा? अणुभट्ट्यांवर नजर ठेवणाऱ्या मंडळाने गल्लीतील दवाखान्यावरही नजर ठेवावी, ही अपेक्षाच अवास्तव नाही काय? आहे, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापन करण्याचा आदेश दिला होता. अकरा वर्षांनंतर महालेखापरीक्षकांना अशी संचालनालये आढळली ती फक्त दोन राज्यांत, केरळात आणि मिझोरममध्ये. मिझोरमला जे साधले ते आमच्या प्रगत म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला त्या अकरा वर्षांत साधले नाही.

सरकारला यंत्रांवर देखरेख ठेवताच येत नाही, असेही म्हणता येणार नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद होते, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा अर्ज भरला जातो, त्रुटी आढळली तर यंत्राला मोहोर लागते. ते योग्यच आहे. पण ज्या सोनोग्राफीत किरणोत्सर्गाचा लवलेश नाही तिच्या खोलीपर्यंत जो अधिकारी जातो, त्याला शेजारच्या क्ष-किरण खोलीचे दार उघडता येऊ नये, हे चमत्कारिक आहे.

आतापर्यंत आम्ही कर्मचाऱ्याविषयी लिहिले. रुग्णाची स्थिती याहून निराळी आहे, कारण त्याला बिल्लाच नाही. रोगनिदानासाठी जेवढी मात्रा लागेल तेवढी द्यावी, म्हणून रुग्णासाठी मर्यादा ठेवलेली नाही, आणि ते तर्कास धरून आहे. पण मर्यादा नाही म्हणून मोजमापही नाही, हे कोणत्या तर्काने? छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा फार तर एक दशांश मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळते. तेव्हा छातीचा फोटो काढण्यास कोणी भिऊ नये, आणि डॉक्टरने सांगितलेली तपासणी हा लेख वाचून कोणी टाळू नये. पण पोटाच्या एका सी.टी. स्कॅनला सरासरी आठ ते दहा मिलिसिव्हर्ट लागतात. पहिला स्कॅन जुना झाला म्हणून दुसरा, डॉक्टर बदलला म्हणून तिसरा, असे आमच्या मध्यमवर्गीय घरांतून सर्रास चालते. तपासण्यांच्या सवलतीच्या योजना आता जाहिरातींतून साड्यांच्या सेलसारख्या येतात. लहान मुलाचा स्कॅन मोठ्या माणसाच्या मापाने काढला तर त्याच्या वाट्यास गरजेपेक्षा कितीतरी अधिक मात्रा येते, आणि त्याच्यापुढे आयुष्य मोठे असते.

मोठी रुग्णालये यातून सुटतात असेही नव्हे. लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात २००८ पासून दीड वर्ष मेंदूच्या एका विशिष्ट सी.टी. तपासणीत यंत्राची मांडणी चुकलेली होती, आणि २०६ रुग्णांस नेहमीच्या सुमारे आठपट मात्रा मिळत गेली. चूक उघडकीस आली ती एका रुग्णाचे केस गळू लागले तेव्हा. मात्रेचा आकडा प्रत्येक वेळी यंत्राच्या पडद्यावर उमटत होता. तो वाचणे हे कोणाचेच काम नव्हते.

आमच्याकडील सी.टी. यंत्रेही हा आकडा दाखवितात. तो रुग्णाच्या अहवालावर छापण्यास एक ओळ लागते. ती सक्तीची करावी. तंत्रज्ञाला त्याच्या तिमाही मात्रेची प्रत मालकाच्या कृपेवाचून थेट मिळावी. मुलाला धरून ठेवण्यासाठी आईला आत उभे करावयाचे असेल तर तिच्या अंगावर एप्रन असावा. आज पुष्कळ ठिकाणी तिला नुसते ‘घट्ट धरा’ एवढेच सांगितले जाते.

राज्याच्या आरोग्य खात्याकडून आमची मागणी याहूनही लहान आहे. प्रत्येक जिल्ह्यात क्ष-किरणांची व सी.टी.ची यंत्रे किती, त्यांपैकी परवाना किती जणांपाशी, आणि प्रत्येक यंत्राची शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली, एवढी यादी खात्याने प्रसिद्ध करावी. हे काम करण्यास अणुशास्त्रज्ञ लागत नाही, जिल्हा कचेरीतील कारकून पुरतो. खाते ती देणार असेल तर छापण्यास आमची जागा मोकळी आहे.