'नुसते कुलमुखत्यारपत्र' म्हणजे काय?

रस्ता रुंद झाला, एमआयडीसी आली की आपल्या वतनी जमिनीला अचानक नातेवाईक फुटतात. दलाल घरी येतो, 'जय भीम' घालतो आणि म्हणतो, "विक्री नाही हो, नुसते कुलमुखत्यारपत्र." बांधवांनो, आपली फसवणूक या 'नुसते'पासूनच सुरू होते.

ही जमीन कुठून आली हे आधी समजून घेऊ. गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात महार वतन होते. ती गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि सरकारात ठरावीक रक्कम भरणाऱ्या वतनदारांना जमिनी परत मिळाल्या. अट एकच होती: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विक्री नाही. सातबाऱ्यावरच्या 'भोगवटादार वर्ग-2' या शब्दांचा अर्थ हाच. ही अट मोडली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

दलालाला हे पाठ असते, आपल्याला नसते. "वर्ग-2 आहे, कोण घेणार?" असे म्हणून तो भाव पाडतो. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो. नंतर आपल्याच नावाने परवानगी काढतो, नजराणा भरतो, जमीन वर्ग-1 करतो आणि कितीतरी पट भावाने विकतो. मधला सगळा पैसा त्याचा!

साठेखत म्हणजे विक्रीचा करार, विक्री नव्हे. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की अशा कराराने मालकी जात नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानेही ती जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. पण मुखत्यारपत्रात 'विक्री करणे, मोबदला स्वीकारणे' एवढे शब्द घुसवले, तर तोच माणूस आपल्या वतीने खरेदीखत करून देऊ शकतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही.

फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची नोंद. तलाठ्याची नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. नोटीस कोनाड्यात ठेवली तर नोंद मंजूर होते, आणि मग ती खोटी ठरवण्याचे ओझे आपल्यावर येते. हक्कसोडपत्र हा शब्दही बहिणींना समजावून सांगा. 'फक्त सही कर' म्हणत भाऊच तिचा कायदेशीर हिस्सा काढून घेतो, तेव्हा दलालाला कशाला नावे ठेवायची?

"वकील आहे की" असे काही जण म्हणतात. दलालाने आणलेला वकील दलालाचाच असतो. आपला वकील आपण करावा आणि त्याला काय विचारायचे तेवढे तरी आपल्याला यावे.

आपल्या चळवळीने संविधानाची कलमे घरोघर नेली, आता सातबाराही न्यावा. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार ठरवा. ज्याने त्याने आपला उतारा आणावा, शिकलेल्या मुलामुलींनी तो मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा. 'शिका' या आदेशात सातबारा वाचणेही येते.

जय भीम!