लक्षणं कॉलऱ्याची, रिपोर्ट निगेटिव्ह! मद्रासच्या लॅबमध्ये १९९२ साली काय झालं होतं?

१९९२च्या अखेरीस मद्रासमध्ये जुलाबाचे रुग्ण वाढले. भाताच्या पेजेसारखे जुलाब, काही तासांत अंगातलं पाणी संपलेलं. लक्षणं थेट कॉलऱ्याची. लॅबची नेहमीची चाचणी मात्र ‘नाही’ म्हणत होती.

ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे. काचेच्या पट्टीवर जिवाणू आणि सीरमचा थेंब एकत्र करायचा. ओळख पटली तर काही सेकंदांत दुधात लिंबू पिळल्यासारखे कण दिसतात.

खरी मेहनत असते ती सीरम बनवण्यात. मारलेले जिवाणू सशाला काही आठवडे टप्प्याटप्प्याने टोचतात. त्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात. मग रक्त काढून गोठू देतात आणि वर सुटणारं पिवळसर सीरम वेगळं करतात. पण हे कच्चं सीरम चुलत भावंडांनाही ओळख दाखवतं! म्हणून ते गाळावं लागतं. कॉलऱ्याच्या ‘ओगावा’ प्रकाराचं सीरम हवं असेल तर त्यात ‘इनाबा’ प्रकारचे जिवाणू मिसळतात. दोघांना सामाईक अँटिबॉडी त्यांना चिकटतात आणि त्यांच्यासोबत बाहेर काढल्या जातात. उरतं ते फक्त ओगावाला ओळखणारं सीरम.

तोवर कॉलऱ्याच्या मोठ्या साथी म्हणजे ‘ओ१’ गट, हे ठरलेलंच होतं. मद्रासचा जिवाणू ओ१च्या सीरमशी जुळेना. तेव्हा माहीत असलेल्या १३८ गटांपैकी एकाशीही जुळेना. म्हणून त्याला ‘ओ१३९’ क्रमांक मिळाला, आणि त्याच्यासाठी नवं सीरम बनलं. पुढे कळलं की हा ओ१चाच वंशज, फक्त बाहेरचं आवरण बदललेला. त्यामुळे ओ१विरुद्धची जुनी प्रतिकारशक्तीही कामी आली नाही. भारत-बांगलादेशात मोठी माणसंही आजारी पडली.

मग आज याची चर्चा का? ओ१३९ आता क्वचितच सापडतो. ‘शांकॉल’ लशीत दोन्ही गट होते. तिचं उत्पादन थांबलं. २०२४मध्ये आलेली भारत बायोटेकची ‘हिलकॉल’ फक्त ओ१साठी आहे. लशीचा जगभर तुटवडा असताना सोपी लस बनवणं व्यवहार्यच. पण मग ओ१३९ परतलाच, तर पहिली खबर लॅबनेच द्यायची आहे. तिथल्या फ्रीजमध्ये फक्त ओ१चं सीरम असेल, तर रिपोर्ट पुन्हा निगेटिव्हच येईल.