दोनशे रुपयांचा रॉबिनहूड

फेब्रुवारीची पगारचिठ्ठी जरा निरखून पाहा. एरवी दोनशे कापला जाणारा व्यवसाय कर त्या महिन्यात तीनशे होतो. वर्षाचे झाले २५००. अमरावतीच्या राजकमल चौकात चहा घेताना हा विषय निघाला, की ‘आमच्या खिशातून काढून फुकट्यांना वाटतात’ हे वाक्य ठरलेलं.

फुकट्यांना? १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर बसला, १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू मजूर बांधबंदिस्तीवर उन्हात माती उपसतो, तेव्हा कुठे हजेरीपटावर त्याचं नाव चढतं. याला लूट म्हणायला जीभ धजावत नाही.

आमच्याच मातीतल्या गाडगेबाबांनी शेठ-सावकारांकडून पैसा घेऊन धर्मशाळा बांधल्या, स्वतःपाशी मात्र गाडगं आणि खराटाच ठेवला. थोरच काम ते. पण तिथं देणं धनवंताच्या मर्जीवर होतं. हमीच्या मजुराला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. तो काम मागतो, हक्कानं. म्हणून कायद्यानं घेणं मला दानापेक्षा जास्त नैतिक वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. अकोल्याच्या टिळक रोडवरचा ठोक व्यापारी वर्षाला २५०० भरतो. त्याच्या गादीवर बारा हजारांवर खतावणी लिहिणारा मुनीमही २५००च भरतो! पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण कर लागू. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, तेवढं बरं. हा कसला रॉबिनहूड? धन्याला आणि मुनीमाला एकाच दोरीत बांधून दोघांकडून सारखंच घेणारा.

याचं मूळ राज्यघटनेच्या २७६व्या कलमात आहे. या कराची कमाल मर्यादा तिथं वर्षाला २५० होती. १९८८च्या घटनादुरुस्तीनं ती २५०० झाली आणि तिथंच थिजली. तेव्हापासून सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, डॉक्टरांची फी गेली, बिल्डरांचे फ्लॅट गेले. श्रीमंतांकडून जास्त घ्यायचं राज्य सरकारनं मनात आणलं तरी हात बांधलेले.

मुनीमाला सूट देणं मात्र मुंबईतच जमण्यासारखं आहे. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. वरची मर्यादा हलवायला संसद लागेल. अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात निदान एक प्रश्न तरी टाकावा.

— वऱ्हाडकर