परवाना एजन्सीला, सूट नेमकी कुणाला?
खासगी सुरक्षा रक्षकांसाठी दोन कायदे. तरीही प्रवेशद्वारावरील माणूस दोन्हींच्या कक्षेबाहेर

- प्रतिनिधी

मुंबई : गृहनिर्माण संस्थेचे प्रवेशद्वार असो, बँकेची शाखा असो वा रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, निळ्या किंवा करड्या गणवेशातील सुरक्षा रक्षक हा शहरी जीवनाचा अविभाज्य भाग झाला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद वहीत करणाऱ्या या माणसाची स्वतःची नोंद मात्र कुठे झालेली आहे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. एखादी गंभीर घटना घडली की तो तेवढ्यापुरता चर्चेत येतो. वडाळ्यात २०१२ मध्ये एका तरुण महिला वकिलाचा तिच्याच इमारतीच्या सुरक्षा रक्षकाने खून केला, तेव्हाही रक्षकांच्या पडताळणीची चर्चा शहरभर झाली. आरोपीला २०१४ मध्ये जन्मठेप झाली आणि चर्चाही ओसरली.

वस्तुतः या क्षेत्रासाठी कायद्यांचा तुटवडा नाही. महाराष्ट्रात एक नव्हे, दोन कायदे लागू आहेत. एक गृह विभागाच्या अखत्यारीतील, तर दुसरा कामगार विभागाच्या. एकाचा भर ग्राहकाच्या सुरक्षिततेवर आहे, दुसऱ्याचा रक्षकाच्या पोटापाण्यावर. अडचण या दोहोंमधील फटीत दडलेली आहे.

केंद्राचा कायदा काय सांगतो?

खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ नुसार परवान्याशिवाय सुरक्षा एजन्सीचा व्यवसाय करता येत नाही. गृह विभागाच्या सहसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अथवा समकक्ष अधिकारी राज्यात नियंत्रक प्राधिकारी म्हणून काम पाहतो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. एका जिल्ह्यापुरत्या परवान्यासाठी पाच हजार, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी दहा हजार आणि संपूर्ण राज्यासाठी २५ हजार रुपये असे शुल्क मूळ कायद्यातच ठरवून दिले आहे.

रक्षकाच्या पात्रतेच्या अटीही स्पष्ट आहेत. वय १८ ते ६५ वर्षे, चारित्र्य व पूर्वेतिहासाची खातरजमा, शारीरिक पात्रता आणि विहित प्रशिक्षण. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष क्षेत्रावरील प्रशिक्षण अपेक्षित होते. माजी सैनिक व माजी पोलिसांना येथे सवलत मिळाली. त्यांच्यासाठी हे तास अनुक्रमे ४० आणि १६ इतके कमी करण्यात आले. रक्षक नेमताना सैन्यदले, पोलीस आणि गृहरक्षक दलात काम केलेल्यांना प्राधान्य देण्याची मुभाही कायद्यात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. परवाना रक्षकाला मिळत नाही, तो एजन्सीला मिळतो. पात्रता तपासण्याची, प्रशिक्षण देण्याची आणि छायाचित्रासह ओळखपत्र पुरविण्याची जबाबदारी एजन्सीवर आहे. शस्त्राचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा. त्यासाठी शस्त्र कायद्याखालील स्वतंत्र परवाना लागतो. एजन्सीच्या परवान्यामुळे रक्षकाच्या खांद्यावर बंदूक येत नाही.

राज्याचा कायदा आणि कलम २३

केंद्राच्या कायद्याआधी तब्बल २४ वर्षे महाराष्ट्राने या विषयात पाऊल टाकले होते. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम आला. त्यानुसार सुरुवातीला बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी आणि नंतर पुणे, नाशिक, नागपूर आदी ठिकाणी सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. सरकार, मालक आणि रक्षक अशा तिन्ही घटकांचे प्रतिनिधी असलेल्या या मंडळाकडे रक्षक आणि मुख्य मालक अशा दोघांचीही नोंदणी होते. मालकाने वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा यांची तजवीज करायची, अशी ही रचना आहे. मधला कंत्राटदार दूर व्हावा, हा तिचा गाभा.

मात्र त्याच कायद्याच्या कलम २३ ने एक दार उघडे ठेवले. एखाद्या कारखान्यात वा आस्थापनेत काम करणाऱ्या रक्षकांना मिळणारे लाभ एकंदरीत कायद्यातील लाभांपेक्षा कमी नसतील, तर सल्लागार समितीशी विचारविनिमय करून राज्य सरकार त्या रक्षकांना कायद्यातून सूट देऊ शकते. मंडळाबाहेर राहून काम करणाऱ्या एजन्सींची सारी भिस्त या कलमावर आहे.

ही सूट नेमकी कुणाला, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सूट असते ती रक्षकांच्या वर्गाला, एजन्सीला व्यवसाय म्हणून मिळणारी ती मुभा नव्हे, हे सूत्र न्यायालयाने १९८७ मध्ये मंडळ विरुद्ध सिक्युरिटी अँड पर्सोनेल सर्व्हिस या प्रकरणात स्पष्ट केले. याचा अर्थ सरळ आहे. रक्षकाला लाभ प्रत्यक्ष मिळत असतील तरच सूट टिकते. लाभ थांबले की सुटीचा आधारच नाहीसा होतो. म्हणूनच सूट देणे जितके महत्त्वाचे, तितकीच तिची वेळोवेळी तपासणीही महत्त्वाची ठरते.

निसटलेला वॉचमन

दोन्ही कायदे एकत्र वाचले की एक मोठा वर्ग त्यातून निसटलेला दिसतो. सोसायटीने एजन्सीविना थेट नेमलेला वॉचमन केंद्राच्या कायद्यात येत नाही, कारण तो कायदा एजन्सीला बांधतो. राज्याच्या कायद्यातही तो येत नाही, कारण मुख्य मालकाचा थेट कर्मचारी व्याख्येतूनच वगळलेला आहे. त्याच्यासाठी ना १६० तासांचे प्रशिक्षण, ना मंडळाची लेव्ही. चार पैसे वाचविण्यासाठी एजन्सी सोडून थेट माणूस ठेवणाऱ्या सोसायट्यांना या बचतीची किंमत बहुधा ठाऊक नसते. पडताळणीची जबाबदारी मग पूर्णतः कार्यकारिणीच्या शिरावर येते आणि ती पार पाडली जाईलच, याची हमी कुणीच देत नाही.

याउलट जिथे पैसा थेट गुंतलेला आहे, तिथे नियम काटेकोर झाले. रोकड वाहतुकीसाठी २०१८ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम केले. शहरी भागात रात्री नऊनंतर एटीएममध्ये रोकड भरण्यास मनाई आणि रोकड व्हॅनसोबत दोन सशस्त्र रक्षक, असे दंडक त्यात घालण्यात आले. नोटांच्या पेटीसाठी जी दक्षता घेतली जाते, ती माणसे राहतात त्या इमारतीसाठी का नसावी, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो.

दंड किरकोळ, अस्त्र प्रभावी

विनापरवाना व्यवसायासाठी मूळ कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शे-दोनशे रक्षक पुरविणाऱ्या एजन्सीच्या उलाढालीपुढे ही रक्कम नगण्य होय. खरे अस्त्र वेगळेच आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान आदी कामगार कायदे या अधिनियमाच्या अनुसूचीत नमूद असून त्यांचा भंग हे परवाना रद्द करण्याचे एक कारण ठरविण्यात आले. त्यातील अनेक कायद्यांची जागा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली असली, तरी तत्त्व कायम आहे : रक्षकाचे वेतन बुडविणाऱ्याला सुरक्षेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नाही.

परंतु वेतनाची तक्रार कामगार विभागाकडे जाते आणि परवान्याची फाईल गृह विभागाकडे असते. या दोन टेबलांमध्ये संवाद नसेल, तर हे अस्त्र म्यानातच राहणार. सूट मिळालेल्या रक्षकांची आणि परवानाधारक एजन्सींची यादी एकत्र प्रसिद्ध करणे, तसेच परवाना नूतनीकरणाच्या वेळी वेतनाचे पुरावे तपासणे यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. नागरिकांनाही काही गोष्टी सहज करता येतील. कंत्राटावर सही करण्यापूर्वी एजन्सीचा परवाना, रक्षकांचे ओळखपत्र व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याची पावती मागता येईल. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर किमान वेतनाला तरी पुरतो का, याचा हिशेब कागदावर मांडणे फारसे अवघड नाही. बारा तास उभ्या असलेल्या, वेतन थकलेल्या माणसाकडून रात्री जागे राहण्याची अपेक्षा ठेवायची आणि चोरी झाल्यावर त्यालाच जबाबदार धरायचे, ही रीत बदलल्याखेरीज गणवेशामागची सुरक्षा दिखाऊच राहील.