बॅटरी उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका

सौदी अरेबियातल्या अबकैकमधल्या मराठी फिटर, इलेक्ट्रिशियन, सुतार, एसी टेक्निशियन आणि हेल्पर भावांना कळकळीची विनंती आहे. ड्रिल, इम्पॅक्ट, ग्राइंडर यांच्या बॅटऱ्या झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावणं आजपासून बंद करा. आणि साइटवरून तापून आलेली बॅटरी कुठेही, कितीही घाई असली तरी, लगेच चार्जरवर चढवू नका. हे वाचताना तुमच्या बंकखाली चार्जरचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी उठून तो प्लग काढा आणि मग पुढे वाचा.

आत्ताच हे सांगायचं कारण इथला उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर, उन्हात काम करायला सौदी सरकारची बंदी आहे. माणूस सावलीत येतो, तो नियम चांगलाच आहे. पण त्या तीन तासांत बॅटऱ्या कुठे असतात? पिकअपच्या मागच्या लोखंडी पेटीत, कंटेनरमध्ये किंवा डॅशबोर्डवर. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आतलं तापमान ६० च्या वर सहज जातं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चार्जिंगची वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि बॅटरी ठेवण्याच्या जागेसाठीही मर्यादा असते: कुणी ४० सांगतं, कुणी ५०. म्हणजे अबकैकमध्ये जून ते सप्टेंबर भरदुपारी बाहेर, साध्या सावलीतही, चार्जिंगची परवानगी देणारं हवामान सहसा नसतं. ही पुस्तिका खोक्यातून काढून कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आत काय घडतं ते समजलं की नियम आपोआप पाळले जातात. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोठ्या पॅकमध्ये अशा दोन किंवा तीन रांगा. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचतो, म्हणून त्याच बॅटरीवर काही कंपन्या ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापतात. सेलच्या आत धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं असतं. उष्णतेने, पडून बसलेल्या मारामुळे किंवा चुकीच्या चार्जिंगमुळे तो पडदा निकामी झाला, की सेल स्वतःच स्वतःला तापवू लागतो. मग बाहेरची वीज तोडली तरी तो थांबत नाही. एक सेल शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. फटाक्यांची माळ लागावी तसं. त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या, सहा-आठ माणसांच्या खोलीत ज्वाळा अंगापर्यंत येण्याआधी हा धूर गाठतो.

मोबाइलची बॅटरी खराब झाली की फुगते आणि आपल्याला कळतं. टूलच्या बॅटरीत बहुधा पोलादी नळीतले सेल असतात, वर जाड प्लास्टिकचं कवच. ती फुगून दाखवत नाही. म्हणून दुसऱ्या खुणा ओळखा: काहीही न करता गरम लागणं, गोडसर किंवा थिनरसारखा वास, कवचाला तडा, चार्जरने परत परत बिघाडाचा दिवा दाखवणं, कालपर्यंत तासभर चालणारी बॅटरी आज दहा मिनिटांत बसणं. यातली एकही खूण दिसली तर ती बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. स्कॅफोल्डिंगवरून खाली पडलेली बॅटरी वरून धडधाकट दिसली तरी बाजूला काढा, आणि इमारतीबाहेर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा सावलीच्या जागी ठेवा. आतला मार कधी कधी काही तासांनी बाहेर पडतो.

हे भीती घालायला लिहिलेलं नाही. चांगल्या कंपनीची बॅटरी, तिचाच चार्जर, थंड जागा आणि जागा माणूस, एवढं असेल तर धोका फार थोडा असतो. पण आपल्या कॅम्पच्या खोल्यांत या चारपैकी किती गोष्टी असतात ते ज्याचं त्याने बघावं.

वसईची घटना आठवत असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरची काढून आणलेली बॅटरी घरातच रात्री चार्जिंगला लावलेली होती. पहाटे स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. स्कूटरची बॅटरी आपल्या ड्रिलच्या बॅटरीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी असते, हे खरं. पण एका खोलीत चार माणसांचे चार चार्जर एकाच एक्स्टेन्शनवर, शेजारी भरलेल्या बॅटऱ्यांची पिशवी, वर गादी आणि पडदा, हे जमलं की फरक उरत नाही.

आणि मंगाफ. १२ जून २०२४ ला पहाटे कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीय गेले. ती आग टूलच्या बॅटरीची नव्हती. तळमजल्यावरच्या विजेच्या बिघाडातून ती सुरू झाली, असं तिथल्या अग्निशमन दलाने सांगितलं. तरी मी ती इथे आणतो, कारण वेळ पहाटेची होती, माणसं झोपेत होती आणि बहुतेकांचा जीव धुराने गेला. आपल्या कॅम्पमध्येही आग लागली तर याच वेळी लागेल, कारण चार्जर रात्री लावले जातात.

रात्री खोलीतच का लावले जातात, तेही मला माहीत आहे. मोठ्या कंपनीत टूल रूम असते, तिथे बॅटरी जमा करायची आणि सकाळी भरलेली घ्यायची. पण सबकॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला तसं कुठे मिळतं? टूल हरवलं तर पगारातून कापतात, म्हणून तो ते उशाशी ठेवतो. पहाटे साडेचारला बस सुटते, साइटवर प्लग मिळेल याची खात्री नाही, म्हणून रात्रीच भरून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी बाहेरचं छोटं काम करणाऱ्याकडे तर स्वतःचंच टूल असतं. या माणसाला नुसतं ‘खोलीत चार्ज करू नको’ सांगणं अन्यायाचं आहे. म्हणून यापुढचं मागणं सुपरवायझर, फोरमन आणि कॅम्प बॉस यांच्याकडे. त्यांच्यातही मराठी माणसं कमी नाहीत.

साहेब, तुमच्या कॅम्पमध्ये एक कुलूपबंद, एसी असलेली छोटी खोली किंवा पोर्टा केबिन फक्त बॅटऱ्यांसाठी द्या. ती झोपायच्या खोल्यांपासून आणि जिन्यापासून लांब असू द्या. आत लाकडी फळी नको, लोखंडी रॅक किंवा फरशी हवी. प्रत्येक चार्जरला भिंतीतला स्वतंत्र प्लग, वर धूर ओळखणारा अलार्म, आणि बाहेरून बंद करता येईल असा मेन स्विच. बॅटरीवर नाव लिहिलेली पट्टी आणि एक वही, म्हणजे चोरीची भीती जाते. चार्जिंग संध्याकाळी सहा ते दहा, कुणीतरी जागं असताना. दहाला मेन बंद. आणि टूल हरवल्याबद्दल कामगाराचा पगार कापण्याची धमकी जोवर आहे, तोवर तो बॅटरी लपवून उशाशी नेणारच; ही धमकी आधी मागे घ्या.

ही खोली मिळेपर्यंत काय? साइट ऑफिसच्या एसी केबिनमध्ये दुपारी चार्जिंग मागून घ्या. काम थांबलेलं आहे, माणसं जागी आहेत, याहून चांगली वेळ नाही. फक्त बॅटरी आधी निवू द्या. टूलमधून काढून एसीत फरशीवर तासभर ठेवा. हाताला कोमट लागेनाशी झाली की मगच चार्जर. फ्रीजरमध्ये घालू नका, आत ओलावा धरतो. चांगला चार्जर तापलेली बॅटरी ओळखतो आणि वाट बघण्याचा दिवा दाखवतो. तो दिवा बघून बॅटरी काढून पुन्हा पुन्हा ठोकून बसवणारे मी पाहिले आहेत. चार्जर तुमच्या भल्याचं सांगतो आहे, त्याचं ऐका.

दुसरा मोठा धोका डुप्लिकेट बॅटरीचा. बाजारात नावाजलेल्या कंपनीसारखी दिसणारी, निम्म्याहून कमी किमतीची, आकडा मात्र मोठा छापलेली बॅटरी मिळते. अशा बॅटरीत तापमान मोजणारा भाग किंवा प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवणारं सर्किट असेलच याची शाश्वती नाही. मग एखादा सेल गरजेपेक्षा जास्त भरत राहतो आणि चार्जरला पत्ताच लागत नाही. वजन हातात घेऊन बघा: मोठा आकडा आणि हलका पॅक असेल तर आत काहीतरी कमी आहे. घरी पैसे पाठवायचे असतात, रियाल वाचवावासा वाटतो, हे मी मानतो. तरीही एक जुनी खरी बॅटरी दोन नव्या खोट्या बॅटऱ्यांपेक्षा बरी.

आणि हे तर कधीच करू नका: पूर्ण मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या भरलेल्या बॅटरीने वायर लावून ‘उठवणं’. सेल मर्यादेच्या खूप खाली उतरून बराच काळ पडून राहिला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा भरताना ते नको त्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. चार्जर अशी बॅटरी घ्यायला नकार देतो तो याच कारणाने. वायर लावणारा तो नकार मोडून काढतो. बॅटरी चालू होते, माणूस खूश होतो, आणि ती रात्री खोलीत असते.

सौदीतल्या विजेचीही एक गोष्ट आहे. जुन्या इमारतींत १२७ आणि २२० अशा दोन्ही व्होल्टच्या लाइनी असतात; देश हळूहळू २३० कडे चालला आहे. कुणाचा चार्जर भारतातून आलेला, कुणाचा अमेरिकन साइटवरून मिळालेला. चार्जरच्या मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका, आणि पिन बसत नाही म्हणून उघड्या वायरी काडीने खोचू नका.

देखभालीचं थोडक्यात सांगतो. ग्राइंडरचा लोखंडी भुसा आणि इथली बारीक वाळू टर्मिनलमध्ये जाते. कोरड्या ब्रशने झाडा, डिझेल-थिनर लावू नका. खिळे-स्क्रूच्या डब्यात बॅटरी उघडी टाकू नका, टोपी लावा. पूर्ण उतरवून मगच भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला तिची गरज नाही, उलट त्रास होतो. गावाला दोन महिने जाणार असाल तर अर्धी भरलेली ठेवा, टूलमधून काढून, थंड जागी.

प्लान्टच्या आत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. अबकैकमध्ये कच्च्या तेलातून वायू आणि हायड्रोजन सल्फाइड वेगळा काढला जातो. कॉर्डलेसला वायर नसते म्हणून ते ठिणगीमुक्त नसतं. मोटरमध्ये ठिणगी उडू शकते, बॅटरी काढता-घालतानाही उडू शकते. हॉट वर्क परमिट आणि गॅस टेस्ट झाल्याशिवाय ते बाहेर काढू नका, आणि बॅटरी बदलायला ठरलेल्या सुरक्षित जागीच जा.

सुट्टीवर जाताना बॅटरी घरी नेणारे बरेच आहेत. चेक-इन बॅगेत सुटी बॅटरी चालत नाही. हातातल्या बॅगेत, टर्मिनलला चिकटपट्टी लावून न्यावी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-अवर, हे शंभराच्या आत आहे. १८ गुणिले ६ म्हणजे १०८. शंभर ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते, आणि त्याही दोनच. कार्गोच्या खोक्यात चॉकलेट आणि कपड्यांमध्ये दडवून तर मुळीच पाठवू नका. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले; त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या.

आग लागलीच तर: आधी ओरडून सगळ्यांना उठवा आणि बाहेर काढा. हाताशी असेल तर मेन स्विच पाडा. पेटलेली किंवा धूर सोडणारी बॅटरी उचलून बाहेर पळू नका. खोलीचं दार ओढून घ्या, म्हणजे धूर जिन्यात भरणार नाही. अबकैकमध्ये सिव्हिल डिफेन्ससाठी नंबर ९११ आहे. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, त्यामुळे बॅटरी पुन्हा पेटू शकते. वीज तोडलेली असेल आणि तुमच्यामागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल, तर लांबून भरपूर पाणी मारा, नाहीतर बाहेरच थांबा. पासपोर्ट, इकामा, पैशांची पिशवी यासाठी परत आत जाऊ नका. कागद पुन्हा मिळतात.

घरच्यांनो, रत्नागिरी, खेड, महाड, चिपळूण, जिथे कुठे असाल तिथून आज इथल्या आपल्या माणसाला फोन कराल तेव्हा एवढं विचारा: चार्जर कुठे लावतोस? तुमचं तो ऐकेल.

तुमच्या खोलीत नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी भाऊही असतील. त्यांना हे मराठीत वाचता येणार नाही. सुरुवातीच्या दोन गोष्टी, म्हणजे झोपायच्या खोलीत चार्जिंग नको आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर नको, त्यांना हिंदीत सांगा, आणि उद्याच्या टूलबॉक्स टॉकमध्ये चार्जिंगच्या खोलीची मागणी सगळ्यांनी मिळून सुपरवायझरपुढे ठेवा.