पुत्स्कची अंगठी

बाल्टिक समुद्राच्या एका उपसागराकाठी पुत्स्क नावाचे लहानसे पोलिश नगर आहे. १३४८ साली त्याला नगराचे अधिकार मिळाले. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि ते प्रशियाच्या स्वाधीन झाले.

पुढे १४८ वर्षांनी, १० फेब्रुवारी १९२० रोजी, जनरल युझेफ हालर सैन्यासह येथे आले. उपसागर गोठलेला होता. बर्फाला पाडलेल्या भगदाडात त्यांनी प्लॅटिनमची अंगठी टाकली आणि पोलंडचा समुद्राशी विवाह झाल्याचे घोषित केले.

सोहळा एका दिवसाचा. पण दीड शतक हे नाते जपले कोणी? तेथील काशुब कोळ्यांनी. शाळेत आणि कचेरीत जर्मन भाषा आली, तरी घरात व होडीत पोलिशची ही भगिनी, काशुबी, बोलली जातच राहिली.

लवकरच ग्दिनियाचे मोठे बंदर उभे राहिले आणि पुत्स्कचे महत्त्व ओसरले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच नाझींनी जवळच्या प्याश्नित्सा अरण्यात हजारो माणसे मारली. त्यांत या किनाऱ्यावरचे अनेक शिक्षक व धर्मगुरू होते. समाज मुका करावयाचा तर आधी त्याचे गुरुजी नाहीसे करावेत, हे त्या क्रूरकर्म्यांना पक्के ठाऊक होते.

तरीही काशुबी टिकली. २००५ साली पोलंडने तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. आज ती शाळांतून शिकविली जाते.

वाचकहो, अंगठी टाकणाऱ्या हाताची इतिहासाने नोंद घेतली. लेकरांशी आपल्या भाषेत बोलत राहिलेल्या त्या माउलींची नोंद कोणी घ्यावी?